शिडीच्या शेंब्या

आमचे हे जालन्याला विहिरीची मोटार आणायला गेले आणि होडी घेऊन आले.

नव्वदनंतरच्या कुठल्यातरी उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी तेव्हा वडीगोद्रीला हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. आमचं गाव तिथून आत, गोदावरीच्या काठाला. शाळेतून घरी आले तर दारात टेम्पो, टेम्पोत उलटी घातलेली नारिंगी रंगाची फायबरची होडी आणि तिच्याभोवती अर्धं गाव. कुठल्याशा सरकारी कचेरीनं पुरासाठी म्हणून घेतलेली ती होडी पूर न बघताच जुनी झाली होती, म्हणून लिलावात निघाली होती. मोटारीच्या दुकानाला जाताना वाटेत लिलाव लागला. यांनी सहज हात वर केला. दुसऱ्या कोणी केलाच नाही.

"मोसंबी पल्याड न्हेता येईल की," हे मला म्हणाले.

पल्याडच्या काठालाही मोसंबीच्याच बागा होत्या.

मी तापट आहे, हे आमच्या घरात सर्वांना मान्य आहे, मलासुद्धा. पण चारचौघांत नवऱ्याला बोलायचं नाही, एवढं पथ्य मी पाळते. म्हणून मी आत गेले आणि रिकामा हंडा जरा जोरात ठेवला. बाहेरची माणसं हसली. एकानं यांना विचारलं, "दादा, यंदा पाऊस जास्ती हाय का काय? आम्हाला बी सांगून ठेवा." हे म्हणाले, "तुला जागा ठेवतो ना." असा हा माणूस. त्याच्याशी भांडायलाही काही धरायला सापडत नाही.

घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि यांच्या आत्या. आत्याबाईंना मूलबाळ नव्हतं. नवरा वारल्यावर त्या माहेरी आल्या आणि यांना त्यांनीच वाढवलं. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा घर त्यांचं होतं. तसं त्या कधी बोलल्या नाहीत आणि मी कधी विसरले नाही. साठी उलटलेली, दंड पैलवानाचे, आवाज नदीच्या पलीकडे जाणारा आणि गुडघे पार गेलेले. हाडाच्या डॉक्टरांनी त्यांना अल्युमिनियमचा चार पायांचा वॉकर दिला होता. आत्याबाई त्याला घोडं म्हणायच्या. घोडं पुढं टाकायचं, मग स्वतःला ओढायचं, अशी त्यांची घरभर फिरती चाललेली असायची.

गुडघे जायच्या आधी आत्याबाई घरात कमी आणि नदीत जास्त असायच्या. गावातल्या निम्म्या बायकांना त्यांनी पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकवलं. मलासुद्धा. मी विज्ञानाची पदवी घेऊन आलेली नवी सून, पाण्यात उभी राहून पदार्थ का तरंगतात ते त्यांना समजावत होते. त्यांनी मला भोपळ्यासकट ढकललं आणि वरून ओरडल्या, "आगं हात मार हात! तोंड काय मारून राह्यली?" मी हात मारले. त्या दिवसापासून मला त्यांची भीतीही वाटायची आणि त्या घरात असल्या की बरंही वाटायचं.

पुढे खालच्या अंगाला बंधारा झाला. पाणी तुंबलं, काठाला गुडघाभर गाळ साचला. त्याच सुमारास आत्याबाईंचे गुडघे गेले. गाळातून उतरणं त्यांना शक्य नव्हतं. काही वर्षं त्या बादलीनं अंघोळ करत होत्या. बादलीतल्या पाण्याला त्या तोंड धुवायचं पाणी म्हणायच्या आणि अंघोळ करून आल्या की, "झालं बाई तोंड धुऊन," असं सांगून देवापुढं बसायच्या. आम्ही हसायचो. त्या हसायच्या नाहीत.

तर होडी सरळ केली तेव्हा तिच्या पोटातून दोन वल्ही, एक कुजका दोर आणि एक शिडी निघाली. चार पायऱ्यांची, नळ्यांची. वरच्या दोन नळ्या छत्रीच्या मुठीसारख्या वळलेल्या, होडीच्या काठावर अडकवायला. खाली मागच्या बाजूला दोन आखूड नळ्या बाहेर काढलेल्या, होडीच्या पोटाला टेकायला. म्हणजे कोणी शिडीवर चढलं तरी ती होडीखाली शिरायची नाही.

"ही कशाला रे?" आत्याबाईंनी विचारलं.

"पव्हून झालं की पाण्यातून वर चढायला, आत्या."

आत्याबाईंनी घोडं बाजूला केलं, शिडीच्या पायऱ्यांवरून हात फिरवला. पायऱ्या जवळजवळ होत्या. गुडघा फारसा वाकवावा लागणार नव्हता, बाकीचं दंडांनी होण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी दोरीवर त्यांचं जुनं हिरवं नऊवारी वाळत होतं. ते नेसून त्या पोहायच्या. ट्रंकेच्या तळाशी असलेलं ते लुगडं धुवायचं दुसरं काहीच कारण नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी यांना समोर बसवून सांगितलं, "मला खोल पाण्यात न्हेऊन सोड. उतरीन बी मीच आन् चढीन बी मीच. दोघांनी धरून पोत्यावानी वर ओढायचं न्हाई. तसं करायचं असंल तर मला न्हेऊच नको."

माझा होडीवरचा राग तिथंच संपला, असं म्हणणार नाही. पण हंडे मी हळू ठेवायला लागले.

पावसाळ्यात नदीला पाणी आलं, तेव्हा आत्याबाईंना नेण्याआधी यांनी शिडी स्वतः तपासायची ठरवली. यांचं वजन भरपूर. पाण्यातून शिडीवर पाय दिला आणि मागच्या दोन उघड्या नळ्यांपैकी एक होडीच्या पोटात कचकन घुसली. रुपयाएवढं भोक. होडी काठाला आली तेव्हा आत नदी होती. जालन्याचा पाण्याच्या टाक्यांना ठिगळं लावणारा एक कारागीर बोलावला. त्यानं भोक बुजवलं आणि शिडी हातात घेऊन यांच्याकडे दयेनं पाहिलं.

"भाऊ, ह्या नळ्यांच्या तोंडाला रबर असतंय. बंपर म्हणतात. वरच्या दोन आकड्यांला दोन, खालच्या नळ्यांला दोन. ते उन्हानं झडून गेल्तं बघा. त्याच्याबगैर शिडी टेकवली तर मला इथंच खाट टाकून द्या."

म्हणजे मामला सरळ होता. बंपर नाही तर शिडी नाही, शिडी नाही तर आत्याबाईंचं पोहणं नाही. पावसाळा संपला की बंधाऱ्याच्या फळ्या टाकतात, नदी भरते. संक्रांतीनंतर दोन्ही काठांच्या मोटारी ते पाणी पिऊन टाकतात. जे करायचं ते त्या अवधीत. आणि आत्याबाईंचे गुडघे दर हिवाळ्यात आणखी बिघडत होते. पुढच्या साली चार पायऱ्या तरी चढवतील का, हे त्या डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

बंपर आणायचं काम माझ्यावर आलं, कारण मी रोज वडीगोद्रीला जायचे आणि तिथं हायवेवर गाड्यांच्या सामानाची दुकानं होती. पहिल्याच दुकानात मी बंपर मागितला.

"पुढचा का मागचा?"

"दोन वरचे, दोन खालचे."

दुकानदारानं कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर खोचली. "गाडी कोणती हाय, बाई?"

"शिडी आहे."

त्यानं पोराला हाक मारावी तशी शेजारच्या टपरीवाल्याला हाक मारली, "बाईंला बंपर पाह्यजे. तुझ्याकडं हाय का?" टपरीवाला लॉटरीची तिकिटं विकायचा. त्यानं आनंदानं दिवाळी बंपरची चळत माझ्यापुढं धरली. मी विज्ञानाची शिक्षिका, शाळेतली पोरं रस्त्यातून जात होती आणि मी लॉटरीच्या टपरीपुढं उभी. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले तर फळ्यावर कोणीतरी 'बंपर' लिहून ठेवलं होतं. मी तो शब्द पुसला आणि गृहपाठ दुप्पट दिला. हे मात्र दुसऱ्या दिवशी जाऊन त्या टपरीवरून तिकीट घेऊन आले. "लागलं तर नवी शिडी घेऊ," म्हणाले. लागलं नाही.

मग यांनी घरगुती इलाज सुरू केले. पहिल्यांदा सायकलची ट्यूब गुंडाळली, ती पाण्यात सुटली. मग एके दिवशी मी शाळेतून आले तर माझ्या चपला जागेवर नाहीत. निळ्या पट्ट्यांच्या, रबरी, न्हाणीघरातल्या. यांनी त्यांचे गोल तुकडे कापून नळ्यांच्या तोंडाला तारेनं बांधले होते आणि काम झोकात झालं म्हणून शीळ घालत बसले होते. शिडी पाण्यात घालून यांनी पाय दिला आणि तारा सुटल्या. माझ्या चपलेची टाच बंधाऱ्याच्या दिशेनं निघाली.

"आता माझ्या साडीचा बंपर करा," मी म्हणाले.

"साडी मऊ असती," हे विचार करत म्हणाले. खरोखर विचार करत म्हणाले.

आत्याबाई हे सगळं ओसरीवरून ऐकत होत्या. एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "कवापासून बंपर बंपर करून राह्यलेत तुम्ही. ते हाय तरी काय?"

मी सांगितलं, की नळीचं टोक लागू नये म्हणून वर घालायची टोपी.

"मंग शेंबी म्हण की! बैलाच्या शिंगाला घालतात ती. बंपर म्हणल्यावर कोणाला काय कळंल? शेंब्या माग."

पोळ्याला बैल सजवताना शिंगांच्या टोकांवर पितळी टोप्या घालतात, त्या शेंब्या. आमच्याकडचे बैल कधीच विकले होते, ट्रॅक्टर आला होता, म्हणून तो शब्द माझ्या डोक्यात नव्हता. पण आत्याबाईंचं म्हणणं मला एकदम पटलं. टोक तेच, काम तेच. फक्त शेंबी पितळेची असते, रबराची नसते, एवढी एक गोष्ट आम्हा तिघांच्याही लक्षात आली नाही.

अंबडला शाळेचं काम निघालं. माप म्हणून यांनी नळीएवढ्या जाडीचं उसाचं कांडं शोधून कापून दिलं. ते पर्समध्ये घालून मी एस.टी.नं गेले. बाजारात बैलांच्या सामानाचं दुकान होतं. वेसणी, कासरे, झुली, घुंगरमाळा. गल्ल्यावर पिकल्या मिशांचा दुकानदार.

"शेंब्या आहेत का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "ताई, पोळा तर होऊन गेला."

"माहीत आहे. पण मला आत्ताच हव्यात."

"असू द्या. हौस असती एखाद्याला. किती दाती हाय?"

दातांवरून बैलाचं वय विचारत होता तो, पण माझ्या डोक्यात शिडीच्या पायऱ्या. "चार," मी म्हणाले.

"चार दाती. जवान हाय मंग." त्याला बरं वाटलं. "शिंगं कशी हायत?"

"वरची दोन वळलेली. खालची दोन सरळ, मागून आलेली."

त्यानं हातातला कासरा खाली ठेवला. "ताई, शिंगं किती म्हणालात?"

"चार."

"एका बैलाला?"

तो बैल नाही, होडीची शिडी आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. होडी का घेतली, मोटार का नाही घेतली, आत्याबाई, गुडघे, बंधारा, सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

"दोन बैल आहेत," मी म्हणाले.

"तसं बोला की! एक वळल्या शिंगांचा आन् एक सरळ. जोड काही बराबर दिसत नसंल पण."

"नाही दिसत."

"बदलून टाका एखादा."

मी उसाचं कांडं काढून दिलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. "हे काय?"

"शिंगाचं माप."

मागच्या दोघांपैकी एक जण खोकला. दुकानदार मात्र धंद्याचा पक्का. त्यानं डब्यातून एकेक शेंबी काढून उसावर बसवून पाहिली. साध्या शेंब्या पोळ्यात संपल्या होत्या. उरल्या होत्या त्या जड, टोकाला चपट्या गोळीच्या आणि बाजूनं बारीक घुंगरं लावलेल्या. त्या अगदी बरोबर बसल्या. दोन जोड्या कागदात बांधून त्यानं माझ्यापुढं ठेवल्या. मग तो बोलता बोलता उसाचं कांडं दातानं सोलायला लागला. मी पैसे देईपर्यंत त्यानं माझं माप खाऊन संपवलं होतं.

परत येताना एस.टी. प्रत्येक खड्ड्यात गेली की माझ्या पिशवीतून बैल चालल्याचा आवाज यायचा. कंडक्टर दोनदा सीटखाली वाकून पाहून गेला.

दसरा झाल्यावरचा रविवार ठरला. नदी काठोकाठ भरलेली, पाणी निवळलेलं. आत्याबाई पहाटेपासून हिरवं नऊवारी नेसून, कासोटा घट्ट मारून तयार होत्या. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. पोटात काही असलं की पाणी जड होतं म्हणाल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून आम्ही त्यांना काठापर्यंत नेलं. घोडं बरोबर होतंच. काठावर एका मोठ्या दगडाशी त्या घोड्याला धरून उभ्या राहिल्या आणि नदीकडे बघत राहिल्या.

यांनी चारही शेंब्या शिडीला घातल्या, आतून चिंध्या कोंबून घट्ट केल्या, शिडी होडीला अडकवली आणि छातीभर पाण्यात उभं राहून जोर दिला.

छन् करून आवाज झाला. पितळ आणि फायबर, दोन्ही गुळगुळीत. शिडी होडीच्या पोटावरून एकदा इकडे घसरली, एकदा तिकडे. प्रत्येक फेरीला घुंगरं वाजत होती आणि नारिंगी रंगावर पांढरे ओरखडे उठत होते. घर्षण हा धडा मी सातवीला शिकवत होते. गेल्याच आठवड्यात शिकवला होता.

"आवाज तरी चांगला येऊन राह्यला," हे म्हणाले.

"जमणार नाही," मी म्हणाले. "त्या शिडीवर असताना घसरली तर?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी सगळं पाहिलं होतं. एका हातानं त्यांनी कासोटा चाचपला, सोडावा की नको असं बोट त्यावर क्षणभर थांबलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "चला घरी."

मला त्या 'जाऊ दे'चा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाई जाऊ दे म्हणणाऱ्या बाई नव्हत्याच. होडीचा राग, सरकारी कचेरीचा, हायवेवरच्या दुकानाचा, ऊस खाणाऱ्या माणसाचा, सगळा एकदम आला आणि कोणावर काढावा ते कळेना. मी यांना म्हणाले, "मोटारच आणली असती तर!"

आत्याबाई वळल्या. घोडं पुढं टाकलं आणि त्याचा एक पाय गाळात रुतला. त्यांनी ओढला, निघेना. हे पाण्यातून बाहेर आले, दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. पाय निघाला, पण उघडा. त्याच्या तळाचं काळं रबर गाळातच राहिलं.

यांनी कोपरापर्यंत हात घालून ते शोधलं, नदीत धुतलं. आणि ते तसंच हातात धरून उभे राहिले. मी त्या रबराकडे पाहिलं, मग शिडीकडे. आत्याबाईंनीही पाहिलं. जाड, खालून खाचा पाडलेलं, नळीच्या तोंडावर घट्ट बसणारं. घोड्याची नळी आणि शिडीची नळी एकाच जाडीची होती. इतकी वर्षं ती चार रबरं आमच्या घरात दिवसभर फिरत होती. पण रबराचं कामच आवाज होऊ न देणं, म्हणून ती कोणाच्या लक्षात आली नव्हती.

यांनी शेंबी काढून त्या जागी रबर दाबून बसवलं. कुईं असा आवाज झाला आणि ते बसलं. ओढून पाहिलं, निघेना.

आत्याबाई दगडावर टेकल्या, घोडं उलटं करून मांडीवर घेतलं आणि शेंगा सोलाव्यात तशी उरलेली तीन रबरं काढायला लागल्या.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मग घरी कशा जाल?"

"तू एवढ्या शेंब्या आणल्या त्या कशाला हायत मंग?"

यांनी काठावर ठेवलेला टॉवेल फाडला, चिंध्या केल्या आणि घोड्याच्या चार पायांना चार पितळी शेंब्या बसवल्या. आत्याबाईंनी घोडं जमिनीवर टेकवून हलवून पाहिलं. घुंगरं वाजली. कितीतरी दिवसांनी त्या मोठ्यानं हसल्या. "आतापस्तोर घोडं होतं. आज बैल झाला बघ."

काठावरच्या दगडावरून त्यांना होडीत घेतलं. हे वल्हवत होते, मी होडीच्या दुसऱ्या कडेला तोल धरून बसले होते. नदीच्या मध्यावर यांनी शिडी लावली. आत्याबाई पाठमोऱ्या वळल्या आणि एकेक पायरी उतरल्या. शिडी तसूभर हलली नाही, आवाजही झाला नाही. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. मग त्यांनी हात सोडले.

मी रडले. सरळ सांगते, होडीत बसून रडले. जमिनीवर एक पाऊल टाकायला घोडं आणि दोन श्वास लागणारी ती बाई पाण्यात गेली आणि तिला गुडघे आहेत हेच ती विसरली. दोन हात मारून त्या लांब गेल्या, उताण्या झाल्या, पाय वर काढून आपल्याच पायांच्या बोटांकडे बघत पडून राहिल्या. हिरवं नऊवारी पाण्यावर फुगलं होतं.

"आत्या, लांब जाऊ नको!" हे ओरडले.

"तू गप रे! तुला कोणी शिकवलं?" पाण्यावरून आवाज आला. यांनाही भोपळा आत्याबाईंनीच बांधला होता.

खूप वेळानं त्या आपणहून आल्या. शिडी दोन्ही हातांनी धरली. पहिली पायरी, दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीवर गुडघ्यांना आठवण आली. त्या थांबल्या. ओठ दाबलेले, दंड थरथरत होते. यांनी हात पुढे केला. आत्याबाईंनी त्या हाताकडे नुसतं पाहिलं. यांनी तो मागे घेऊन वल्ह्यावर ठेवला. मग त्यांनी दंडांवर सगळा भार घेतला, अंग वर ओढलं आणि होडीच्या काठावर येऊन बसल्या. लुगड्यातून पाणी निथळत होतं. त्यांनी मागे वळून शिडीकडे पाहिलं.

"बरी हाय," त्या म्हणाल्या.

त्या हंगामात दर रविवारी आम्ही नदीवर गेलो. होडीतून एकही मोसंबी पल्याड गेली नाही. घरात मात्र आत्याबाई कुठे आहेत हे आता कोणालाही कळायचं. छन् छन् करत बैल ओसरीवरून स्वयंपाकघरात यायचा, तिथून देवापुढं. शहाबादी फरशीवर पितळ घसरतं, म्हणून त्यांच्या सगळ्या वाटेवर मी गोणपाटं अंथरली. शेंब्या काढू म्हटलं की त्या ऐकायच्या नाहीत. पुढच्या पोळ्याला दारात बैल नव्हता. आत्याबाईंनी वॉकरला हळदीकुंकू लावलं, त्याच्यापुढं पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. मग थोडा वेळ थांबून, "ह्याला तोंड न्हाई," म्हणून स्वतः खाल्ली.

त्याच दिवशी दुपारी गोणपाट सरकलं आणि बैल फरशीवरून घसरला. मी शेजारीच होते. दोन्ही हातांनी आत्याबाईंना कवेत धरलं म्हणून निभावलं. त्यांना काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी जालन्याला गेले. हाडाच्या दवाखान्याखालच्या दुकानात तशी रबरं काचेच्या बरणीत गोळ्यांसारखी भरून ठेवलेली होती. मी मागायच्या आधी मनात शब्द जुळवत होते, बंपर म्हणू की शेंबी. दुकानदारानं माझं बोट बरणीकडे गेलेलं पाहिलं आणि चार काढून दिली.

घरी येऊन मी ती आत्याबाईंच्या हातात ठेवली. "आता गुपचूप ही लावायची," मी म्हणाले. आवाज चढलेलाच होता.

त्यांनी एकेक रबर दाबून पाहिलं, खालच्या खाचा बोटानं तपासल्या. "झकास हायत. ठेव होडीत. शिडीची झिजली तर लागतील."

"आत्याबाई, काल पडला असता तुम्ही!"

"पडले का?" त्यांनी रबरं परत माझ्या ओंजळीत घातली. "जमिनीवर धरायला तू हाईस की गं. पाण्यात मला शिडीच हाय."

मी खाली नदीवर जाऊन चारही रबरं होडीत ठेवून आले.